पडद्यावर मांजर आडवे जाते तेव्हा



ऑक्टोबर महिना उजाडला की आपल्या आजूबाजूच्या घरांच्या दारांवर काळ्या कागदाची मांजरे दिसू लागतात. पाठीची कमान, ताठ शेपूट, पिवळे डोळे. त्याच सुमारास टीव्हीवर जुने भयपट लागतात आणि त्यांतही कुठे ना कुठे एक मांजर असतेच. ते फार वेळ थांबत नाही. कपाटातून उडी मारते, फिस्कारते आणि निघून जाते. सव्वा तासाच्या चित्रपटात त्याचे काम काही सेकंदांचे. पण दुसऱ्या दिवशी शाळेत मुले बोलतात ती त्या सेकंदांबद्दलच, आणि रात्री उशी डोक्यावर ओढून घेतात तीही त्यामुळेच.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. एखादी गोष्ट चालते म्हटल्यावर ती कशी चालते, हे उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून या अंकात आपण त्या मांजराचे यंत्र उघडून पाहू. सर्व उदाहरणे अमेरिकेत गाजलेल्या चित्रपटांची आहेत. बहुतेक कृष्णधवल आहेत.

मांजरच का?

भयपटात घोडा, कुत्रा, घुबड, वटवाघूळ सगळे येतात. तरी मांजराची सर कोणाला नाही. याची कारणे अगदी साधी आहेत.

पहिले कारण म्हणजे पाय. मांजराच्या तळव्यांना मऊ गाद्या असतात आणि चालताना नखे आत ओढलेली असतात. त्यामुळे ते कधी आले हे कळत नाही. कुत्रा येताना फरशीवर नखे वाजतात. मांजर एकदम 'असते'.

दुसरे कारण डोळे. मांजराच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला आरशासारखा एक पातळ थर असतो. आत शिरलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो. अंधुक उजेडात मांजराला आपल्यापेक्षा चांगले दिसते ते यामुळे, आणि दिव्याच्या झोतात त्याचे डोळे चमकतात तेही यामुळेच. कृष्णधवल चित्रपटात काळे मांजर अंधारात उभे केले तर ते दिसणारच नाही, काळ्यात काळे मिसळून जाईल. म्हणून छायाचित्रकार मागून थोडा प्रकाश देऊन त्याची कडा उजळतो. उरतात ती कडा आणि दोन चमकते ठिपके. भीतीला तेवढे पुरते.

तिसरे कारण कान. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराला ६०,००० हर्ट्झच्याही वरचे येतात. भिंतीमागच्या उंदराची बारीक चिवचिव आपल्यासाठी शांतताच असते. मांजर मात्र मान वळवून रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बसते. आजी म्हणते, "त्याला काहीतरी दिसतंय बघ." चित्रपटवाल्यांनी हे बरोबर हेरले. पडद्यावर मांजर कोपऱ्याकडे पाहू लागले की प्रेक्षकही तिकडेच पाहू लागतो.

आणि चौथे कारण आपल्या मराठीने केव्हाच सांगून ठेवले आहे: मांजर ही वाघाची मावशी. घरात दूध पिणारे, मांडीवर घुरघुरणारे हे जनावर एका क्षणात लहानसा वाघ होऊ शकते. जवळच्या, ओळखीच्या गोष्टीत अनोळखी काहीतरी दडलेले असणे, हे तर भयकथेचे बीजच आहे.

पो यांची गोष्ट आणि एक मुका चित्रपट

अमेरिकन भयकथेत मांजराला मानाचे पान दिले ते एडगर ॲलन पो यांनी. 'द ब्लॅक कॅट' ही त्यांची कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. पो तेव्हा फिलाडेल्फियात राहत होते. तिथले त्यांचे घर आज राष्ट्रीय स्मारक आहे, आणि घराचे तळघर पाहिल्यावर कथेतले तळघर आठवल्याशिवाय राहत नाही.

कथेतला माणूस आधी प्राण्यांवर प्रेम करणारा असतो. दारूच्या नादाने तो क्रूर होतो, स्वतःच्या मांजराचा छळ करतो आणि पुढे त्याहून भयंकर गुन्हा करतो. शेवटी भिंतीआडून आलेल्या मांजराच्या आवाजाने त्याचे पाप उघडे पडते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या कथेत वाईट कोण? माणूस. मांजर फक्त साक्षीदार आहे. लोकांच्या लक्षात मात्र 'भयानक काळे मांजर' एवढेच राहिले, आणि चित्रपटांनीही तेच उचलले.

१९२७ साली युनिव्हर्सल कंपनीने 'द कॅट अँड द कॅनरी' हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते जर्मनीहून आलेले पॉल लेनी. सायरस वेस्ट नावाचा म्हातारा श्रीमंत माणूस आजारी आहे आणि नातेवाईक त्याच्या पैशांवर टपले आहेत, पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्यावर मांजरे टपावीत तसे. ही उपमा लेनी यांनी सुरुवातीलाच चक्क पडद्यावर दाखवली. म्हातारा खुर्चीत, त्याच्याभोवती औषधांच्या प्रचंड बाटल्या, आणि त्याच्यावर पंजे मारणारी अवाढव्य मांजरे. एका चित्रावर दुसरे चित्र छापून हे साधले होते. चित्रपट मुका, त्यामुळे मांजराचा आवाज नाही. म्हणून मांजर आकाराने मोठे करावे लागले. पुढच्या गोष्टी हवेलीत घडतात, तिथे 'कॅट' हे नाव पळून आलेल्या एका वेड्या माणसाला दिलेले आहे. खरे मांजर त्या सुरुवातीच्या चित्रापुरतेच.

आवाज आला आणि मांजर लहान झाले

त्याच १९२७ साली चित्रपट बोलू लागला. चार-पाच वर्षांत सगळीकडे बोलपट झाले. आता मांजराला डोंगराएवढे दाखवायची गरज उरली नाही. अंधारात एक फिस्कार पुरेशी झाली.

युनिव्हर्सलचाच 'ड्रॅक्युला' १९३१ साली आला. त्यातल्या वाड्यात प्राणी कोणते आहेत ठाऊक आहे? आर्माडिलो! अंगावर कवच असलेला हा प्राणी फक्त अमेरिका खंडांत आढळतो. टेक्सासमधल्या वाचकांनी तो रस्त्याकडेला पाहिलाही असेल. युरोपातल्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरावर तो कसा पोचला, हे ड्रॅक्युलालाच विचारावे लागेल. आज ते दृश्य पाहून हसू येते. मांजराच्या बाबतीत ही पंचाईत होत नाही. ते युरोपातल्या वाड्यात शोभते, न्यूयॉर्कच्या अपार्टमेंटमध्ये शोभते आणि कोकणातल्या माजघरातही शोभते. ते कुठेही 'इथलेच' वाटते.

१९३४ सालच्या मे महिन्यात 'द ब्लॅक कॅट' हा चित्रपट आला. दिग्दर्शक एडगर उल्मर, लांबी सुमारे ६५ मिनिटे. बोरिस कार्लॉफ आणि बेला लुगोसी हे त्या काळचे भयपटांचे दोन मोठे नट यात प्रथमच एकत्र आले. नाव पो यांच्या कथेचे, पण कथेशी साम्य नावापुरतेच. लुगोसीने केलेला डॉक्टर युद्ध आणि तुरुंगवास भोगून आलेला आहे. त्याला मांजराची विलक्षण भीती आहे. काळे मांजर खोलीत शिरताच तो भान हरपून हाताला आलेला चाकू फेकतो. मांजर पडद्यावर असते ते थोडाच वेळ. पण तेवढ्यात दिग्दर्शकाने आपल्याला त्या डॉक्टरबद्दल खूप काही सांगितलेले असते. वरून शांत, सभ्य दिसणारा हा माणूस आतून मोडलेला आहे. संवादांची चार पाने लागली असती, ते काम मांजराने केले.

पालकांसाठी सूचना: हा चित्रपट मोठ्यांसाठीच आहे. हॉलिवूडमधली नीतिनियमांची संहिता कडकपणे अमलात आली ती १९३४ च्या जुलैपासून, म्हणजे हा चित्रपट लागल्यानंतर. शिवाय चित्रपटांना श्रेणी देणे १९६८ पासून सुरू झाले. त्यामुळे जुन्या चित्रपटाच्या खोक्यावर श्रेणी नसली तर तो मुलांसाठी योग्यच असेल, असे धरू नये. आधी आपण पाहावा.

दचकणे आणि घाबरणे

आता यंत्र उघडू. आपल्या भाषेत भीतीसाठी बरेच शब्द आहेत. त्यांतले दोन इथे कामाचे: 'दचकणे' आणि 'घाबरणे'. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण शरीरात त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

मागे कोणी फुगा फोडला तर तुम्ही दचकता. डोळे मिटतात, खांदे वर जातात, मान आत जाते. अचानक मोठा आवाज कानी पडल्यापासून साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात पापण्या मिटतात. तो फुगा होता की आणखी काही, हे मेंदूला अजून कळलेलेही नसते. कळते ते नंतर.

संगणकात अशीच सोय असते. तिला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर आपले काम करत असतो. तेवढ्यात कीबोर्डवरची कळ दाबली जाते आणि एक इशारा येतो. प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, आधी त्या इशाऱ्याकडे बघतो आणि मग मूळ कामाकडे वळतो. इशाऱ्याकडे लक्ष द्यायचे की नाही, यावर दर वेळी विचारविनिमय होत नाही. दचकणे हा आपल्या शरीराचा इंटरप्ट आहे. तो असतो म्हणून आपण सापावर पाय पडण्याआधी मागे उडी मारतो.

घाबरणे वेगळे. त्याला वेळ लागतो. अंधारी जिना, बंद दार, संथ संगीत, आणि "आता काहीतरी होणार" ही धाकधूक. घाबरण्यात कल्पना असते.

जुन्या भयपटातले मांजर या दोहोंची सांगड घालते. ती कृती अशी:

पहिली पायरी, धाकधूक वाढवायची. नायिका मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते. संगीत हळूहळू थांबते.

दुसरी पायरी, एकदम मांजर. फिस्कार, उडी, एखादे भांडे पडते. प्रेक्षक दचकतो.

तिसरी पायरी, सुटका. "अगं बाई, मांजर होतं!" नायिका हसते, थिएटरही हसते. सगळे खुर्चीत मागे रेलतात.

चौथी पायरी, खरा धोका. तो आता येतो, कारण आता कोणीच सावध नाही.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्ही मराठीच्या वर्गात वाचली आहे. खोटी हाकाटी ऐकून गावकरी गाफील झाले आणि खरा लांडगा आला तेव्हा कोणी धावले नाही. भयपटातले मांजर म्हणजे दिग्दर्शकाने मुद्दाम मारलेली तीच खोटी हाक. फरक एवढाच की आपण गावकरी असूनही तिकीट काढून जातो.

आमच्या घरी हे एकदा पडताळून पाहिले. मुलगी एका जुन्या चित्रपटात मांजराच्या उडीला चांगलीच दचकली आणि आता पुढचे पाहायचे नाही म्हणाली. तेच दृश्य पुन्हा लावले, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. आता पडद्यावर एक मांजर कपाटावरून खाली उतरत होते, एवढेच. तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितले आणि चौथ्यांदा ती घड्याळ घेऊन बसली. मांजर पडद्यावर चार सेकंद होते. "बाबा, म्हणजे भीती मांजराची नव्हतीच, आवाजाची होती," असे ती म्हणाली. माझ्या मते या विषयावरचे हे सर्वांत नेमके वाक्य आहे.

मांजराशिवाय मांजर

ही गोष्ट हॉलिवूडमध्ये सर्वांत चांगली ओळखली ती व्हॅल ल्यूटन यांनी. ते १९०४ साली क्रिमियातल्या याल्टा इथे जन्मले आणि लहानपणी आईबरोबर अमेरिकेत आले. १९४२ साली आर.के.ओ. कंपनीने त्यांना कमी खर्चाचे भयपट काढायला नेमले. अटी ठरलेल्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि चित्रपटाचे नाव कंपनी देणार. पहिले नाव मिळाले 'कॅट पीपल', मांजरमाणसे! नाव ऐकून कोणीही कपाळावर हात मारला असता. त्यात ल्यूटन यांना स्वतःलाच मांजरांची भीती वाटत असे, असे त्यांच्या जवळच्यांनी सांगितले आहे.

खर्च कमी म्हणजे वाघाचा चांगला मुखवटा परवडणार नाही, आणि वाईट मुखवटा केला तर लोक हसणार. ल्यूटन आणि दिग्दर्शक झाक टूर्नर यांनी ठरवले की जनावर शक्यतो दाखवायचेच नाही. ज्यांनी नोकरीत तुटपुंज्या बजेटवर प्रकल्प पुरा केला आहे, त्यांना या निर्णयाची किंमत कळेल.

कथा न्यूयॉर्कमधली. इरेना ही सर्बियातून आलेली तरुणी. राग आला की आपण काळ्या चित्त्यासारखे हिंस्र जनावर होऊ, अशी तिला भीती. तिला आवडणारा तरुण तिच्यासाठी भेट म्हणून मांजराचे पिल्लू आणतो. ते पिल्लू तिला पाहून फिस्कारते. म्हणून दोघे ते बदलायला दुकानात जातात, तर इरेना आत शिरताच दुकानातले सगळे प्राणी-पक्षी एकच कालवा करतात. पिल्लाचे काम इथे जवळजवळ संपले. पण माणसांना जे माहीत नाही ते त्या मूठभर पिल्लाला कळले आहे, हे आपण विसरू शकत नाही. पो यांच्या कथेतला साक्षीदार इथे परत आला.

आणि मग ते प्रसिद्ध दृश्य. ॲलिस नावाची मुलगी रात्री सेंट्रल पार्कजवळच्या निर्जन रस्त्याने चालली आहे. मागून कोणीतरी येते आहे. दोन जणींच्या टाचांचा आवाज, टकटक, टकटक. मग मागचा आवाज थांबतो. फक्त एकीचीच पावले ऐकू येतात. दुसरी कुठे गेली? की आता तिच्या पावलांचा आवाज होत नाही, मांजराच्या होत नाही तसा? ॲलिस वळून पाहते, पळू लागते. पाने हलतात. आणि एकदम कानाजवळ 'फिस्स्स!' प्रेक्षक खुर्चीतून उडतात. पडद्यावर येते ती एक बस. ब्रेक दाबून थांबलेली, शहरातली साधी बस!

संकलक मार्क रॉबसन यांनी हा आवाज नेमक्या क्षणी बसवला. संपूर्ण दृश्यात मांजर नाही. फक्त त्याची फिस्कार आहे, आणि तीही बसची. आजही चित्रपटसृष्टीत अशा खोट्या दचक्याला 'ल्यूटन बस' म्हणतात. १९२७ साली पडदाभर मांजरे दाखवावी लागली होती. १९४२ साली एकही न दाखवता काम झाले.

याच चित्रपटात तळघरातल्या पोहण्याच्या तलावाचे दृश्य आहे. दिवे गेलेले, भिंतीवर पाण्याची थरथरती प्रतिबिंबे, आणि एक सावली. ती सावली आपल्या मुठीची होती, असे टूर्नर यांनी पुढे सांगितले. दिवे गेल्यावर भिंतीवर हाताने हरीण आणि ससा करणाऱ्या आपल्या घरांतल्या मुलांना हे काम सहज जमले असते. १९९३ साली 'कॅट पीपल' हा देशाच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात जतन करण्यासाठी निवडला गेला.

मांजर तेच, माणूस लहान

थोडा वेगळा प्रकार १९५७ सालच्या 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन' मध्ये आहे. रिचर्ड मॅथेसन यांच्या कादंबरीवरून जॅक आर्नल्ड यांनी हा चित्रपट केला. नायक एका विचित्र धुक्यात सापडतो आणि दिवसेंदिवस लहान होत जातो. शेवटी तो बाहुलीच्या घरात राहू लागतो. आणि एक दिवस घरातले मांजर त्या बाहुलीघराच्या खिडकीतून आत डोकावते.

मांजरात काहीच बदल झालेला नाही. ते कालही उंदराकडे असेच पाहत होते. बदलला आहे तो माणूस. प्रचंड आकाराचे फर्निचर बांधून, मांजर आणि माणूस यांची वेगवेगळी घेतलेली चित्रे एकत्र करून हे दृश्य तयार केले होते. 'वाघाची मावशी' या शब्दांचा अर्थ याहून चांगला कोणी दाखवला असेल असे वाटत नाही.

यात काम करणाऱ्या बोक्याचे नाव ऑरेंजी. त्याला शिकवणारे फ्रँक इन हे नामांकित प्रशिक्षक होते. चित्रपटांत काम करणाऱ्या प्राण्यांसाठी पूर्वी 'पॅट्सी' नावाचे पारितोषिक दिले जाई. ऑरेंजीला ते 'रूबार्ब' (१९५१) आणि 'ब्रेकफस्ट ॲट टिफनीज' (१९६१) या दोन चित्रपटांसाठी मिळाले. या दोन्ही चित्रपटांत भीतीचा लवलेश नाही. एकच बोका, एका चित्रपटात राक्षस आणि दुसऱ्यात नायिकेचा लाडका. फरक बोक्यात नव्हता.

घाबरलेले कोण?

आता दारावरच्या त्या कागदी मांजराकडे पुन्हा पाहा. पाठीची कमान, पिंजारलेले केस, फुगलेली शेपूट. मांजर असे केव्हा करते? घाबरल्यावर. केस ताठ करून ते आपण आहोत त्यापेक्षा मोठे दिसण्याचा प्रयत्न करते. फिस्कारणे म्हणजे "जवळ येऊ नको" एवढेच. म्हणजे पडद्यावर आपल्याला भिववणारे मांजर प्रत्यक्षात स्वतः भ्यालेले असते.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: त्याला कोणी घाबरवले? मांजराला संवाद पाठ करून घेता येत नाही. १९७९ सालच्या 'एलियन' या अंतराळातल्या भयपटात (हाही फक्त मोठ्यांसाठी) जोन्स नावाचे मांजर आहे. त्याची फिस्कार हवी होती, तेव्हा त्याच्यासमोर पडद्याआड एक मोठा जर्मन शेफर्ड कुत्रा उभा केला आणि पडदा दूर केला. पडद्यावर दिसते ती परग्रहावरच्या प्राण्याची भीती. खरी भीती कुत्र्याची.

जुन्या काळी प्राण्यांचे याहून फार हाल होत. १९३९ सालच्या 'जेसी जेम्स' मध्ये एका घोड्याला कड्यावरून खाली पाण्यात पाडले गेले आणि तो मेला. लोक संतापले. त्यानंतर १९४० मध्ये 'अमेरिकन ह्यूमेन' या संस्थेने चित्रीकरणाच्या जागी प्राण्यांवर देखरेख ठेवण्याचे काम हॉलिवूडमध्ये सुरू केले. चित्रपटाच्या शेवटी प्राण्यांना इजा झाली नसल्याची ओळ तुम्ही पाहिली असेल. ती ओळ यायला एका घोड्याचा जीव जावा लागला.

रंगाचा दोष नाही

एवढे सगळे लिहिण्यामागे माझे एक कारण आहे. सिनेमा संपतो, पण काळ्या मांजराविषयीची अढी घरी येते. या देशात काळी मांजरे हॅलोविनच्या दिवसांत कोणी त्रास देईल या काळजीने काही प्राणीनिवारे ऑक्टोबरमध्ये ती दत्तक देणे थांबवत असत. पुढे अनेकांनी ही पद्धत सोडून दिली. आपल्याकडे मांजर आडवे गेले की चार पावले मागे येणारे लोक आहेत, आणि त्यांतले काही विमानात बसून इथेही आले आहेत!

पण थोडे दूर पाहा. ब्रिटनमध्ये काळे मांजर आडवे जाणे पुष्कळ लोक शुभ समजतात. आपल्याच परंपरेत बालकांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे. बारशाच्या आधी जिची पूजा करायची, ती देवी मांजरावर बसून येते! मांजर सगळीकडे तेच, चार पायांचे आणि दुधावर डोळा ठेवणारे. अर्थ आपण चिकटवतो. पो यांच्या कथेत माणसाने चिकटवला, हॉलिवूडने आवाज जोडून चिकटवला.

मुलांनो, तुम्हाला भीती वाटली तर लाजू नका. दचकणे हा शरीराचा गुण आहे, भित्रेपणा नव्हे. पण भीती वाटली की एक प्रश्न विचारा: ही कोणी तयार केली, आणि कशी? हा प्रश्न सिनेमापुरता नाही. रंगावरून, पेहरावावरून, बोलण्याच्या लकबीवरून लोक एकमेकांविषयी जे भय बाळगतात, तेही पुष्कळदा असेच कोणीतरी आवाज जोडून तयार केलेले असते. शाळेत नवीन आलेल्या मुलाबद्दल कोणी काही सांगू लागले, तर क्षणभर आवाज बंद करून नुसते त्या मुलाकडे बघा.

घरी करून पाहा

१. जुन्या चित्रपटातले आईबाबांनी निवडलेले एक मांजराचे दृश्य आधी आवाजासह आणि मग आवाज बंद करून पाहा. मांजर किती सेकंद दिसते ते मोजा. दोन्ही वेळी काय वाटले, ते पाच वाक्यांत मराठीत लिहा.

२. 'दचकणे', 'घाबरणे', 'बिचकणे' आणि 'धसका घेणे' यांतला फरक आजी-आजोबांना फोन करून विचारा. प्रत्येक शब्दाचे एक वाक्य तयार करा.

३. दिवा आणि हाताची मूठ वापरून भिंतीवर मांजराची सावली पाडा. दिवा जवळ नेल्यावर सावली मोठी का होते, ते चित्र काढून समजावून सांगा.

४. मांजरावरच्या मराठी म्हणी आणि वाक्प्रचार गोळा करा. 'मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची' आणि 'वाघाची मावशी' हे दोन मी दिले. निदान तीन तुम्ही आणा.

उत्तरे पुढच्या रविवारी वर्गात आणावीत. ज्यांच्या घरी काळे मांजर आहे त्यांनी त्याचा फोटो आणावा. झोपलेला असला तरी चालेल. बहुतेक तसाच मिळेल.

— एक पालक